नंबर कवय लागी, भो?

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणणार होतो, पण ते खोटं ठरेल. मागच्या महिन्यात एका मंगळवारी माझ्याकडे वेळच वेळ होता. सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन, चांगले पाच तास! मोबाइलची बॅटरी बाराच्या आतच संपली, समोर भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, आणि शेजारी मावशी. जळगावातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आम्ही बसलो होतो. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका डॉक्टरांचा नाहीच.

मावशी धुळ्याची, देवपुरात राहते. वय बहात्तर. शुगर आणि बीपी दोन्ही आहेत. काका गेल्यापासून घरात एकटीच. दीड महिन्यापासून तिला चक्कर येत होती. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा मोरीत पडता पडता वाचली, नळाला धरलं म्हणून. धुळ्यात हृदयाचे एक आणि मधुमेहाचे एक असे दोन डॉक्टर तिचे चालूच होते. शेवटी आईने फोनवर फर्मान काढलं, "तिला इकडे आण. आपल्याकडचे डॉक्टर चांगले आहेत." (हे वाक्य जळगावकर धुळ्याबद्दल बोलतात, धुळेकर नाशिकबद्दल, नाशिककर मुंबईबद्दल. मुंबईकर कोणाबद्दल बोलतात ते ठाऊक नाही.)

नंबर दोन दिवस आधी फोन करून लावला होता. चौतीसावा. "किती वाजता येऊ?" विचारलं तर उत्तर, "साडेदहाला या." आत गेल्यावर कळलं की पहिल्या नंबरालाही साडेदहाचंच सांगितलंय, आणि साठाव्यालाही. डॉक्टर आले सव्वाबाराला. दुसऱ्या हॉस्पिटलात राऊंड होता म्हणे. मग मध्ये मध्ये बॅगवाले एमआर जात होते, मागच्या दारानं ओळखीचे जात होते, आणि "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" वाले तर रांगेत धरायचेच नसतात.

आमच्या बाजूला पारोळ्याकडचे एक बाबा बसले होते, सोबत त्यांची मंडळी. ऐन वेचणीचे दिवस, दोघांची मजुरी बुडवून आलेले. दर अर्ध्या तासानं ते उठायचे, कंपाउंडरच्या टेबलापाशी जायचे आणि हळूच विचारायचे, "नंबर कवय लागी, भो?" वहीतून डोकं वर न काढता तो म्हणायचा, "लागी, लागी. बठा." बाबा परत येऊन बसायचे. त्यांचा नंबर होता सत्तावन.

करायला काही नव्हतं म्हणून मी माणसं मोजली. सोबतच्या नातेवाइकांसकट बासष्ट. सरासरी चार तास धरले तरी एका खोलीत, एका दिवसात, दोनशे अठ्ठेचाळीस तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर एकतीस दिवस. म्हणजे एका माणसाचं महिन्याभराचं काम त्या एका खोलीत रोज जिरतं! आणि अशा खोल्या या गावात किती असतील? रिंग रोडनं एक चक्कर मारा आणि पाट्या मोजा.

डॉक्टरांची फी पाटीवर लिहिलेली असते. ही दुसरी फी कुठेच लिहिलेली नसते. मला बँकेतून रजा मिळते, पगार कापला जात नाही. पारोळ्याच्या बाबांना दोघांची मजुरी, एसटीचं भाडं आणि दुपारचा वडापाव असं सगळं मिळून डॉक्टरांच्या फीपेक्षा जास्त पडलं असेल. ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडून जास्त घेणारी ही फी आहे. तिच्याबद्दल आपण बोलत नाही, कारण ती कोणाच्या खिशात जात नाही. नुसती वाया जाते.

बरं, पुढे काय झालं? आम्हाला आत चार मिनिटं मिळाली. डॉक्टर बिचारे चांगले होते, दमलेले दिसत होते. तीन तपासण्या लिहिल्या, चक्करेची एक गोळी लिहिली, "आठ दिवसांनी दाखवा" म्हणाले. झालं. (यातही तक्रार नाही. २०१७ मध्ये ६७ देशांमधल्या डॉक्टर-पेशंट भेटींच्या वेळेचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. आम्हाला दुप्पट मिळाली म्हणायची!)

संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरकडे धाकट्याला खोकल्यासाठी न्यायचं होतं. बीएचएमएस आहे, एका गाळ्यात दवाखाना, बाहेर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सहज म्हणून मावशीलाही सोबत नेलं. त्यानं तिची पिशवीच मागितली. पिशवीत होत्या त्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, पट्ट्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचली, आणि म्हणाला, "काका, या दोन गोळ्या एकच आहेत. कंपनी वेगळी, नाव वेगळं. आतलं औषध एकच, अम्लोडिपिन. बीपीचं. मावशी दोन्ही घेतायत."

मग त्यानं तिचं बीपी आडवं झोपवून मोजलं आणि उभं करून मोजलं. उभं केल्यावर ते धाडकन खाली आलं. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती. मधुमेहाच्या डॉक्टरांना एका भेटीत बीपी जास्त दिसलं, त्यांनीही दिली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोघांच्या मध्ये मात्र कोणीच नव्हतं. या मुलानं स्वतः धुळ्याला हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांना विचारून एक गोळी बंद केली. आठ-दहा दिवसांत चक्कर गेली. त्या तीन तपासण्यांचे पैसे वाचले हे वेगळंच.

(कृपा करून हे वाचून कोणी मनानं गोळी बंद करू नका. विचारून करा.)

त्यानं फी घेतली शंभर रुपये, तीही लाजत लाजत. वीस मिनिटं दिली होती.

मंडळी, माझा राग इथून सुरू होतो. दवाखान्यात गर्दी आहे, डॉक्टर कमी आहेत, लोकसंख्या वाढली, हे सगळं आपण ऐकत आलोय आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या खोलीतल्या बासष्ट जणांपैकी किती जणांना खरोखर त्या मोठ्या डॉक्टरांची गरज होती? मावशीला नव्हती. पारोळ्याच्या बाबांना शुगरची नेहमीची गोळी पुढे चालू ठेवायची होती, बस्स. त्यासाठी एक दिवस! ही रांग लांब झाली कारण तिच्या आधीचं दार आपण बंद केलंय. तुम्हाला ओळखणारा, तुमची पिशवी उलटी करून बघणारा, "याला काही झालेलं नाही, घरी जा" किंवा "हे माझ्या हातातलं नाही, आजच्या आज मोठ्या डॉक्टरकडे जा" असं सांगणारा माणूस म्हणजे ते दार.

आमच्या लहानपणी ते होतं. जुन्या जळगावात आमचे डॉक्टरकाका होते. दोन खोल्यांचा दवाखाना, औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एक खूण म्हणजे एक डोस. आजीचा दमा, वडिलांची पाठ, माझे टॉन्सिल्स, सगळं त्यांच्या डोक्यात. फाईल नाही की कॉम्प्युटर नाही. आता त्यांची आरती ओवाळायची नाहीये मला. काका उठसूट इंजेक्शन टोचायचे, आणि प्रश्न विचारला तर खेकसायचे. पण १९८० च्या सुमारास वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हा रात्री दोन वाजता तेच आले होते आणि त्यांनीच ओळखलं की हे पित्त नाही. सकाळपर्यंत थांबलो असतो तर... असो.

काकांचा मुलगा रेडिओलॉजिस्ट झाला, पुण्याला असतो. त्याला दोष कसा देणार? लग्नाच्या बोलणीत "नुसता एमबीबीएस?" असं विचारणारे आपणच ना! आपल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभागच नसतो. जो विषय शिकवायला विभाग नाही, ज्याला मान नाही आणि ज्यात पैसा नाही, त्यात हुशार पोरं का जातील? मग उरतात बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर. गल्लोगल्लीचा सर्दी-ताप खरं तर तेच सांभाळतात, आणि आपण त्यांना "साधे डॉक्टर" म्हणतो. साधा म्हणजे ज्याच्याकडे रांग नाही तो! जिथे चार तास बसावं लागतं तिथला डॉक्टर भारी, हे आपलं गणित. हॉटेलसारखं. शेवभाजी खायला गर्दीचं हॉटेल शोधणं ठीक आहे हो, पण मावशीची चक्कर म्हणजे शेवभाजी नव्हे.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही. माझा चुलतभाऊ कॅनडात असतो. श्रीमंत देश, डॉक्टरकडे गेलं की खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत. तिथे २०२२ मध्ये एक मोठी पाहणी झाली. पासष्ट लाखांहून जास्त प्रौढ माणसांना, म्हणजे साधारण पाचातल्या एकाला, स्वतःचा असा फॅमिली डॉक्टर नाही असं निघालं. भाऊ सांगतो, अशी माणसं 'वॉक-इन क्लिनिक'ला जातात, नंबर लावून तासन् तास बसतात, दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. म्हणजे जळगावच! फक्त बाहेर बर्फ.

उलट नॉर्वेचं बघा. तिथे प्रत्येक माणसाचं नाव एका ठराविक डॉक्टरच्या यादीत असतं. तिथल्या संशोधकांनी लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्या लोकांना, एकाच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री धावाधाव करायची, तातडीनं हॉस्पिटलात भरती व्हायची आणि मृत्यूचीही शक्यता पाव हिश्शानं किंवा त्याहून जास्त कमी दिसली. नुसत्या ओळखीनं! असं औषध एखाद्या कंपनीनं काढलं असतं तर केवढ्याला विकलं असतं विचार करा.

"आपण काही नॉर्वे नाही" असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आपल्याच घरातलं सांगतो. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या आधी, भोर समितीनं सांगून ठेवलं होतं की देशाच्या आरोग्याचा पाया गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असला पाहिजे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं आपल्याच महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला, गावातल्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं आणि पहिलं दार कसं असावं ते जगाला दाखवलं. कागदावरही आपला हिशेब सुंदर आहे. मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र. सातपुड्यातल्या आदिवासी पट्ट्यात, म्हणजे चोपडा, यावल, शिरपूरकडच्या पाड्यांसाठी, वीस हजार आणि तीन हजार. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला सुरुवात झाली, २०२३ च्या अखेरीस या केंद्रांचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. शहरांत 'आपला दवाखाना' आला, १ मे २०२३ पासून राज्यभर. म्हणजे दारं आहेत.

मग अडतं कुठे? अडतं माणसापाशी. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच माणसं अकरा महिन्यांच्या करारावर असतात. अकरा महिने! यात डॉक्टरची घरातल्या म्हातारीशी ओळख होते ना होते तोच ऑर्डर संपते. मग नवा येतो किंवा येतच नाही. अकरा महिन्यांचा डॉक्टर कोणाचा फॅमिली डॉक्टर होणार? इमारत रंगवता येते, पाटी बदलता येते, फीत कापता येते, ओळखीला मात्र वर्षं लागतात. आणि वर्षांचं उद्घाटन करता येत नाही.

आपले नेते आपल्याला काय देतात ते बघा. जळगावला २०१८ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, छान झालं. धुळ्याला भाऊसाहेब हिरे कॉलेज त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आता चिंचोली शिवारात मेडिकल हब. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. विमा योजनेतही तेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच २०२३ मध्ये सगळ्या कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. पण ही योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. म्हणजे बायपासचे पैसे सरकार भरेल, पण बायपासची वेळ येऊ नये म्हणून वीस वर्षं बीपी सांभाळणाऱ्या शंभर रुपयांच्या डॉक्टरसाठी काही नाही. विहीर खणायला अनुदान, पोहऱ्याला नाही!

पहिलं दार बंद असलं की सगळा लोंढा शेवटच्या दारावर आदळतो. तिथे काय होतं ते धुळेकरांना सांगायला नको. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला अपघातातल्या पेशंटच्या नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मारहाणीला माफी नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखणारा कायदा आपल्या राज्यात २०१० पासून आहे, तो वापरलाच पाहिजे. पण त्या रात्री ड्युटीवर असलेला एक कोवळा पोरगा अख्ख्या व्यवस्थेचा चेहरा होऊन उभा असतो, आणि ज्या चुका त्याच्या कितीतरी आधी, कितीतरी दारांवर झाल्या, त्यांचा हिशेब त्याच्याकडून मागितला जातो. रांगेत चार-चार तास बसवलेला माणूस शेवटी कोणावर ओरडतो? जो समोर सापडेल त्याच्यावर.

आता डॉक्टर मित्रांची बाजू. (माझ्या दोन मित्रांनी हे छापायच्या आधी वाचलंय, आणि एकानं शिव्याही घातल्यात.) त्यांचं म्हणणं, लोक वेळ घेतात आणि येत नाहीत, एका नंबरावर घरातले तीन जण दाखवतात, मध्येच इमर्जन्सी येते, मग वेळ कशी पाळायची? मान्य. पण इमर्जन्सी रोज सव्वाबारालाच येत नाही ना! पहिल्याला आणि साठाव्याला एकच वेळ देणं ही इमर्जन्सी नव्हे, सवय आहे. डॉक्टरांचं एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून बासष्ट जणांचे चार तास साठवून ठेवायचे, असा तो हिशेब आहे. रेल्वेचं तिकीट, गॅसचा सिलिंडर, देवाचं दर्शनसुद्धा आता वेळ घेऊन होतं. फक्त आजारी माणसानं वेळ नसलेला नंबर घेऊन बसायचं?

नुसतं रडगाणं गायचं नाही असं ठरवलंय, म्हणून काय करता येईल तेही लिहितो.

पहिलं, खाजगी दवाखान्यांसाठी. नंबराबरोबर वेळ द्या. एक ते दहा साडेदहाला, अकरा ते वीस साडेअकराला, आणि डॉक्टर बाराला येणार असतील तर तसं सांगा. कितवा नंबर चालू आहे ते व्हॉट्सअॅपवर टाका. खर्च शून्य. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जळगाव आणि धुळ्याच्या शाखांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल.

दुसरं, सरकारी ओपीडीसाठी. केसपेपरच्या रांगेसाठी क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करायची सोय २०२२ पासून आली आहे. ती चांगली आहे, पण तिनं खिडकीवरची रांग कमी होते, डॉक्टरच्या दाराबाहेरची नाही. शुगर-बीपीची जुनी गोळी पुढे चालू ठेवणाऱ्यांना मोठ्या रुग्णालयात बोलवूच नका. तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी उपकेंद्रात करायची असा कार्यक्रम आहेच, मग त्यांची दोन-तीन महिन्यांची औषधंही तिथेच मिळू द्या. अडलं तर समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरला विचारू शकतो. ई-संजीवनी २०१९ पासून आहे, एप्रिल २०२० पासून घरी बसूनही तिच्यावर डॉक्टरशी बोलता येतं. पारोळ्याच्या बाबांना त्या दिवशी जळगावला यायची गरजच नव्हती. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. (आणि हो, छातीत दुखणं, एक बाजू लुळी पडणं, धाप लागणं यासाठी मोबाइल नाही. सरळ १०८.)

तिसरं आणि खरं. प्रत्येक घराचं नाव एका डॉक्टरच्या यादीत हवं. गावात आरोग्य केंद्राचा, शहरात आपला दवाखान्याचा किंवा सरकारनं ठराविक मानधन देऊन जोडून घेतलेला गल्लीतला डॉक्टर. ब्राझील काही नॉर्वेसारखा श्रीमंत नाही, त्यांनी १९९४ पासून हेच केलंय. एक डॉक्टर, एक नर्स, आपल्या आशाताईंसारख्या काही कार्यकर्त्या, अशी एक टीम, आणि तिच्या वाट्याला तीन-चार हजार माणसं. आशाताई तर आपल्याकडे आहेतच, घरोघरी ओळख असलेल्या. त्यांच्या मागे टिकून राहणारा डॉक्टर तेवढा नाही. अकरा महिन्यांचा करार काढून पाच वर्षांचा करा, राहायला घर द्या, मुलांच्या शाळेची सोय बघा. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात कोणी आलं तर मेडिकल हब किती मजली ते विचारू नका. "आमच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर किती वर्षं टिकलाय?" एवढंच विचारा, आणि चेहरा बघा.

चौथं, आपल्यासाठी, आणि हे सगळ्यात अवघड आहे. एक डॉक्टर धरा. आजारी पडायच्या आधी धरा. तो पदवीनं मोठा असायची गरज नाही. पिशवी उलटी करून बघणारा हवा, आणि "हे मला जमणार नाही" म्हणायची लाज न वाटणारा हवा. इंजेक्शन दिलं नाही, सलाईन लावलं नाही, नुसतं बोलला, तरी त्याची फी आनंदानं द्या. वीस मिनिटं ऐकून घेणं हेही काम आहे. आपण सुईचे पैसे देतो आणि ऐकण्याचे देत नाही, म्हणून सुया टोचणारे उरले आणि ऐकणारे गेले.

काल मावशीचा फोन आला होता. देवपुरात घराजवळच एक डॉक्टरीणबाई आहेत, बीएएमएस. मावशी आता दर महिन्याला आधी त्यांच्याकडे जाते आणि हृदयाच्या, शुगरच्या दोन्ही फाईली त्यांनाच दाखवते. "गर्दी नसते रे तिच्याकडे," मावशी म्हणाली, आणि मग जरा काळजीनं, "चांगली असेल ना पण?"

घ्या! बहात्तर वर्षांची सवय आहे, एवढ्यात कशी जाईल.

आता नातेवाइकांसाठी जाहीर सूचना. आई, मोठे काका, नाशिकची आत्या, तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मला रविवारपर्यंत पाठवा. प्रत्येकाची एक फाईल करतोय. आत्या, तुझ्या तर तीन डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, तुझ्या पहिल्या पाठव.

पारोळ्याच्या बाबांचं काय झालं ते मात्र मला ठाऊक नाही. साडेतीनला आम्ही निघालो तेव्हा आत एकोणचाळीसावा नंबर चालू होता. बाबा पुन्हा टेबलाकडे निघाले होते. पारोळ्याकडे शेवटची एसटी कितीला आहे, असं त्यांची बायको मला विचारत होती.